काम पूर्ण झाल्याबद्दल आभार

वामनराव महाजन पार्षद, म्हणजे नगरसेवक, झाले ते केवळ रागाच्या जोरावर. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, जीप नव्हती, जात म्हणावी तर तीही अर्धी रुसलेली. होता तो फक्त राग. सारी हयात त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. मध्य प्रदेशातल्या ज्या बुऱ्हाणपुरात दुकानांच्या पाट्या हिंदी, पेपर हिंदी आणि मराठी घरातलं भांडणसुद्धा ऐन रंगात आलं की हिंदीत शिरतं, तिथे मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे राग सोडून दुसरं काय साठणार? निवृत्तीनंतर हा साठा मोकळा झाला. शनवारा चौकाच्या आसपास कुणाचा दिवा बंद पडो, कुणाची गटार तुंबो, लोक वामनरावांना पुढे करायचे. ते पालिकेच्या कार्यालयात जाऊन असे कडाडायचे की खिडकीमागचा बाबू चहा अर्धा टाकून उभा राहायचा. लोकांनी हिशेब केला, हा माणूस फुकटात एवढा ओरडतो, तर निवडून दिल्यावर किती ओरडेल! आणि दिलं निवडून.

वामनरावांनीही लोकांना निराश केलं नाही. वर्षभर ते मन लावून ओरडले. मागच्या गल्लीत दिवे आले, तुंबलेली गटार वाहू लागली. आणि ज्या संध्याकाळी त्या गल्लीतले दिवे लागले, त्याच संध्याकाळी शेजारचे मधुकरराव हातात मोबाइल धरून आले.

मधुकरराव म्हणजे जन्मभर विमा विकलेला माणूस. समोरच्याच्या मरणाची आठवण करून दिल्याशिवाय त्यांना बोलायला सुरुवातच करता यायची नाही.

"मास्तर, उद्या तुमाले काही झालं," ते म्हणाले, "तर हे दिवे कोनं आनले म्हनून लोक सांगतीन? पाहा."

मोबाइलवर गिरधरचा फोटो होता. गिरधर म्हणजे वामनरावांनी पाडलेला उमेदवार. तो नव्या खांबाखाली उभा राहून दिव्याकडे बोट दाखवत होता, जणू खांब त्याच्याच पोटचा आहे. खाली लिहिलं होतं, 'गिरधरभाऊंच्या अथक प्रयत्नांना यश.' त्याखाली शेकडो लोकांनी हात जोडले होते, आणि त्या जोडलेल्या हातांमध्ये दोन हात खुद्द मधुकररावांचे होते.

"हे तुमचे हात ना?" वामनराव म्हणाले.

"चुकून दाबल्या गेलं," मधुकरराव म्हणाले. "पन मुद्दा तो नाही. तुमी काम करू राह्यले, पन दिसू नाही राह्यले. आजकाल पुढाऱ्याले फेसबुक पाहिजे, इन्स्टाग्राम पाहिजे. नाहीतं तुमी ओरडता आन् फळ खातो गिरधर."

वंदनाताई आतून म्हणाल्या, "यांचं ओरडणं सगळ्या शनवाऱ्याला ऐकू येतं. आणखी कुठे पोचवायचंय?" पण बायकोचा सल्ला वेळेवर ऐकणारा नवरा अजून बुऱ्हाणपुरात जन्मायचा आहे. 'अथक' हा शब्द वामनरावांच्या डोक्यात गेला होता. थकले होते ते, आणि अथक गिरधर!

दुसऱ्या दिवशी ते रितेशच्या दुकानात गेले. रितेश म्हणजे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्याचे फ्लेक्स छापणारा, चाळिशीकडे झुकलेला, पोट सुटलेला गृहस्थ. पाटीवर हल्लीच त्याने 'डिजिटल इमेज कन्सल्टंट' असं लिहून घेतलं होतं, आणि त्यात 'इमेज'ची मात्रा गळली होती. वामनरावांनी आत पाऊल टाकायच्या आधी ती मात्रा दाखवून दिली. रितेशने तिथल्या तिथे खडूने ती घातली आणि वामनरावांना वाटलं, माणूस कामाचा आहे. इथे त्यांचं पहिलं चुकलं.

"काका, तुमचा प्रॉब्लेम एकच हाय," रितेश म्हणाला. "तुमचा चेहरा. पब्लिक को पॉझिटिव्ह चाहिए. तुमी सदा चिडलेले दिसता."

"मी चिडलेलाच असतो."

"असा ना. पन दिसू नका."

म्हणून दोघं राजघाटावर फोटो काढायला गेले. मागे तापी, पुढे वामनराव, अंगात वंदनाताईंनी इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा. रितेश म्हणाला, हसा. वामनरावांनी हसण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. ज्या स्नायूंना कधी कामाला लावलं नाही ते स्नायू असे एकदम बोलावल्यावर यायचे कसे? एक गाल वर गेला, एक जागेवर राहिला. घाटावर धुणं धूत असलेली बाई हात थांबवून रितेशला म्हणाली, "मास्तरच्या पोटात दुखू राह्यलं का रे? ओवा द्या त्याहिले."

शेवटी रितेशने हसू मोबाइलवरच तयार केलं. गाल भरले, मिशी काळी केली, रंग असा उजळला की वामनराव एखाद्या साबणाच्या जाहिरातीतून नुकते सुटून आल्यासारखे दिसू लागले. वंदनाताईंनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "हा कोण? तुमच्या खंडव्याच्या आत्याचा मुलगा का?"

फेसबुकलाही तीच शंका आली. खातं खरं असल्याची निळी खूण मिळवायची तर ओळखपत्र द्यावं लागतं म्हणे. आधारवर 'वामन निंबा महाजन', निवडणुकीच्या प्रमाणपत्रावर 'वामनराव', आणि शाळेच्या कागदावर कुण्या कारकुनाने लिहिलेलं 'बामनराव'. कंपनीने उलट कळवलं, ओळखपत्रातला माणूस आणि फोटोतला माणूस एकच असल्याचं दिसत नाही.

"कंपनी हुशार आहे," वामनराव म्हणाले.

निळ्या खुणेशिवायच पान सुरू झालं आणि घरात एक नवीनच पार्षद राहायला आला. हा पार्षद गोरा होता, हसरा होता आणि कुणावर रागावत नव्हता. तो रोज सकाळी सगळ्यांना कसल्यातरी शुभेच्छा द्यायचा. चहा दिनाच्या, पर्वत दिनाच्या, एकदा तर हात धुण्याच्या दिनाच्या. वॉर्डात त्या दिवशी नळच आला नव्हता. लोकांनी खाली लिहिलं, 'काका, कशानं धुवू?'

आता इथे नळाचं सांगायला हवं, कारण सगळं महाभारत त्यावरूनच आहे.

वामनरावांच्या घरामागच्या गल्लीत नवी पाइपलाइन टाकायची म्हणून ठेकेदाराने दिवाळीच्या सुमारास चर खणला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक घराच्या उंबऱ्यासमोरून. खणला आणि त्याची माणसं गेली ती गेलीच. होळी आली तरी चर उघडा. लोकांनी आपापल्या दारासमोर फळ्या टाकून पूल केले. गल्लीत धुरपदाबाई नावाची एकटी म्हातारी राहायची, तिच्या दारासमोरची फळी सगळ्यात जुनी. ती रोज सकाळी फळीवर उभी राहून वामनरावांना हाक मारायची, "मास्तर, मत तुमालेच दिलं व्हतं बरं." यात आशीर्वाद किती आणि तगादा किती, हे वामनरावांना कधी कळलं नाही. पण ती हाक ऐकली की ते चप्पल घालून पालिकेचे उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर, असलेल्या चंदनसाहेबांकडे जायचे आणि ओरडून यायचे. चंदनसाहेब उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, "बस सर, इसी हफ्ते."

एक दिवस गल्लीतली कविता हातात मोबाइल घेऊन ताडताड घरात आली. कविता शिवणक्लास चालवायची, आणि शिकायला येणाऱ्या मुली चर ओलांडायला घाबरतात म्हणून तिचा क्लास निम्मा रिकामा झाला होता.

"काका, ही काय थट्टा आहे?" ती म्हणाली. "मी तुमच्या पानावर लिहिलं, चर बुजवा. तुम्ही त्याच मिनिटाला उत्तर दिलं, 'आपली समस्या सुटली आहे. सदैव आपला, वामनराव.' मी लिहिलं, कुठे सुटली? तुम्ही परत, 'आपली समस्या सुटली आहे.' मी चिडून लिहिलं, तुम्हाला लाज नाही का? तर पुन्हा, 'आपली समस्या सुटली आहे!'"

वामनरावांनी रितेशला फोन लावला. रितेश शांतपणे म्हणाला, "काका, ते ऑटो रिप्लाय हाय. लगेच उत्तर दिलं ना, की पेजचं रेटिंग वाढते."

"अरे, पण समस्या सुटली नाही!"

"ते काका, ऑफलाइन मॅटर झाला. तो माझ्याकडे नाही येत."

वामनराव एवढे ओरडले की वंदनाताईंनी खिडक्या लावल्या. रितेशने ऑटो रिप्लाय बंद करायचं कबूल केलं, आणि काकांचं समाधान व्हावं म्हणून म्हणाला, यापुढे प्रत्येक पोस्ट आधी तुम्हाला पाठवीन, तुम्ही तपासा, मगच टाकीन. वामनरावांना हे फार आवडलं. तपासणे! सारी हयात त्यांनी दुसरं काय केलं होतं? रितेश गठ्ठ्याने पोस्टी पाठवायचा आणि वामनराव चष्मा लावून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवायचे. 'शुभेच्छा'तला 'शू' ऱ्हस्व, 'आशीर्वाद'मधला 'शि' दीर्घ. कित्येक दिवसांत इतकं शांत त्यांना वाटलं नव्हतं.

ही शांतता मोडली धुरपदाबाईच्या दारासमोरच्या फळीने. दुपारी म्हातारी हातात ताकाचं भांडं घेऊन कविताकडे निघाली होती. फळी मधोमध तुटली. ताक, भांडं आणि धुरपदाबाई तिन्ही चरात. कविता आणि मधुकररावांनी तिला वर काढलं तेव्हा उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता. म्हातारी रडली नाही. ती फक्त म्हणाली, "ताक गेलं ना वो."

तिला दवाखान्यात पोचवून वामनराव तसेच कार्यालयात गेले. सदऱ्याला चरातली माती लागलेली. आज ते ओरडणार नव्हते, आज ते टेबल उलथणार होते. पण चंदनसाहेबांनी उठून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हसून म्हणाले, "सर, मैं आपको ही फोन करनेवाला था. थँक्यू बोलने के लिए."

"कसलं थँक्यू? माणूस पडलंय तुमच्या चरात!"

"कौनसा चर, सर? वो काम तो कम्प्लीट हो गया. हमने पूर्णता प्रमाणपत्र भी ऊपर भेज दिया."

"कोण म्हणतं पूर्ण झालं?"

"आप," चंदनसाहेब म्हणाले आणि फाइलमधला एक रंगीत कागद त्यांच्यापुढे ठेवला.

वामनरावांच्या पानावरची पोस्ट होती ती. वर गोरे वामनराव हसत होते. खाली मागची गल्ली. चर नाही, फळ्या नाहीत. गुळगुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना कुंड्या, कुंड्यांत फुलं, आणि रस्त्याच्या मध्यभागी समाधानाने उभी असलेली एक गाय. ठळक अक्षरांत, 'पाइपलाइनचे काम पूर्ण झाल्याबद्दल प्रशासनाचे मनःपूर्वक आभार.'

वामनरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पोस्ट त्यांनी पाहिली होती. रितेशने पाठवलेल्या गठ्ठ्यात होती. त्यात 'पुर्ण' असं लिहिलं होतं आणि त्यांनी त्याचं 'पूर्ण' केलं होतं. 'मनःपूर्वक'चा विसर्गही त्यांनीच घातला होता. वाक्य मात्र वाचलं नव्हतं. असत्य इतक्या शुद्ध भाषेत त्या कार्यालयात आजवर आलं नसेल!

"हा फोटो खोटा आहे," ते कसेबसे म्हणाले. "मोबाइलने बनवलेला आहे. नीट बघा, या गाईला पाच पाय आहेत!"

चंदनसाहेबांनी कागद जवळ घेतला, पाय मोजले आणि गंभीरपणे म्हणाले, "सर, गाय हमारे विभाग में नहीं आती."

कार्यालयातून बाहेर पडताना वामनराव ओरडले नाहीत. बाबूने सवयीने चहा खाली ठेवून उभं राहायची तयारी केली होती, तो तसाच अवघडून बघत राहिला. रस्त्यात त्यांनी रितेशला फोन केला. रितेश म्हणाला, "काका, ते 'असं होणार आपलं वॉर्ड' म्हनून बनवलं व्हतं. 'होणार' टाकायचं राहून गेलं. पन तुमी ओके केलं म्हनून मी..."

दवाखान्यात धुरपदाबाईच्या हाताला प्लास्टर चढलं होतं. ती छताकडे बघत पडली होती. वंदनाताई शेजारी बसून तिला पेज भरवत होत्या. वामनराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. म्हातारीच म्हणाली, "मास्तर, तुमी काहून तोंड पाडलं? फळी जुनी व्हती."

आणि तेवढ्यात रितेश आला. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात काठीवर लावलेला मोबाइल.

"काका, डॅमेज कंट्रोल," तो कुजबुजला. "ही फणी आजीच्या हातात द्या. काकू, तुमी जरा साइडले व्हा, फ्रेम मधी येऊ राह्यल्या. आजी, तो प्लास्टरवाला हात वर घ्या थोडा, इमोशन येईन. काका, चेहऱ्यावर दुःख आना. थोडंच. जास्त नाही."

वामनरावांच्या आत बरंच काही तुंबलं होतं. ते आता फुटलं.

ते रितेशवर ओरडले, चंदनसाहेबांवर ओरडले, कधी न पाहिलेल्या ठेकेदारावर ओरडले, गिरधरवर, मधुकररावांच्या जोडलेल्या हातांवर, आणि सगळ्यात जास्त ओरडले स्वतःवर. "अक्षरं तपासत बसलो मी! माणूस पडलं खड्ड्यात आणि मी वेलांट्या मोजत होतो! अरे, गाईला पाच पाय देता, आणि म्हातारीला चालायला एक फळी धड देत नाही? लाज वाटते का कुणाला? मला वाटते! मला वाटते!" नर्स धावत आली. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. वंदनाताईंनी हात धरला तेव्हा वामनराव थांबले. ते थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

रितेशचा चेहरा मात्र उजळला होता. "काका," तो हळूच म्हणाला, "लाइव्ह चालू व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वामनराव जगप्रसिद्ध झाले. म्हणजे बुऱ्हाणपूर, खंडवा, रावेर आणि दुबईतला मधुकररावांचा भाचा, एवढं जग. 'गाईला पाच पाय देता' याला कुणी ढोल जोडला, कुणी त्यावर नाचलं. एका पठ्ठ्याने वामनरावांच्या थरथरत्या हातावर तबला बसवला. शनवाऱ्यातून जाताना दुकानदार दुकानाबाहेर येऊन म्हणू लागले, "काका, एक बार हो जाए!" मावा जिलबीवाला म्हणाला, माझ्या कढईपुढे उभं राहून 'जिलबीला साखर देता आणि माव्याला न्याय देत नाही?' एवढंच ओरडा, जिलबी जन्मभर फुकट. एका लग्नात वधूपित्याने माइक हातात दिला आणि आहेर देण्याआधी पाहुण्यांना जरा रागावून दाखवण्याची विनंती केली. गिरधरनेही तो व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, 'आमचे लाडके काका.'

"काका, हे विकत नाही मिळत!" रितेश सद्गदित होऊन म्हणाला. "पब्लिक को आपका गुस्सा पसंद आया. आता आपन दर हप्त्याले एक गुस्सा टाकू. सोमवारी रस्ता, गुरुवारी गटार."

वामनराव पुन्हा कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाबूने चहा खाली ठेवला नाही. तो बसल्या जागी हसला आणि टाळी वाजवली. आत चंदनसाहेबांनी दार लावून घेतलं आणि लाजत म्हणाले, "सर, मिसेज को बहुत पसंद आया. एक सेल्फी हो जाए? थोडा गुस्से में."

घरी येऊन ते पायरीवर बसले. आजवर लोक त्यांच्या रागाला भीत होते, म्हणून दिवे लागत होते, गटारी वाहत होत्या. तेवढं एकच भांडवल होतं त्यांच्याकडे. आता त्याच रागावर पोरंटोरं नाचत होती, आणि चर जिथल्या तिथे होता. कुणी चिडलं असतं तर चाललं असतं, कुणी मारायला धावलं असतं तरी चाललं असतं. पण हे हसणं! हसणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

"जेवायला चला," वंदनाताई म्हणाल्या.

"मी खोटं छापलं, वंदना."

"मग खरं छापा. तुमच्या वेळी पेपरात दुरुस्ती यायची ना, कोपऱ्यात? तशी."

या वेळी मात्र त्यांनी बायकोचा सल्ला वेळेवर ऐकला. रितेशकडून पासवर्ड घेतला. तो देताना रितेश मुलीची पाठवणी करावी तसा रडवेला झाला होता. मग चष्मा लावून, एका बोटाने, वामनरावांनी स्वतः लिहिलं. फोटो नाही, फुलं नाहीत, जोडलेले हात नाहीत.

'दुरुस्ती. या पानावर मागच्या गल्लीतील पाइपलाइनचे काम पूर्ण झाले असे प्रसिद्ध झाले होते. ते खोटे आहे. चित्र मोबाइलवर बनवलेले होते. काम झालेले नाही. चर उघडा आहे आणि त्यात पडून धुरपदाबाईंचा हात मोडला आहे. मी वाक्य न वाचता शुद्धलेखन तपासले, ही चूक माझी. उद्यापासून मी रोज सकाळी चराच्या कडेला खुर्ची टाकून बसणार आहे. ज्या अधिकाऱ्याला काम झाले असे वाटते त्याने तिथे येऊन चालून दाखवावे.'

"काका, ह्याले कुत्रं नाही पाहनार," रितेश म्हणाला. "ना म्यूझिक, ना इमोशन."

त्याचं बरोबर होतं. ओरडण्याला लाखाने लोक होते, या दुरुस्तीला घरगुती तेवढेच. पण दुसऱ्या दिवशी वामनराव खुर्चीवर बसले असताना कविताने त्याखाली आपल्या दारासमोरच्या फळीचा फोटो टाकला. मग पलीकडच्या घरातल्यांनी आपल्या फळीचा. मग कुणीतरी चरात साचलेल्या पाण्याचा. वामनराव प्रत्येकाला स्वतः उत्तर देऊ लागले आणि उत्तर देण्याआधी उठून तिथे जाऊन यायचे. 'पाहून आलो. खरे आहे.' एकाला लिहिलं, 'पाहून आलो. चर नाही, तुम्ही स्वतः खणलेली मोरी आहे. बुजवा.' दुसऱ्याला, 'हे माझ्या वॉर्डात येत नाही, पण बोललो आहे.' मधुकरराव आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. विमा विकायला नव्हे, तर चहा संपवायला. पण बसले.

दोन-तीन दिवस कुणी फिरकलं नाही. मग वरून एक जीप आली. पूर्णता प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या मोठ्या साहेबांपर्यंत कुणीतरी ती दुरुस्ती आणि त्याखालच्या फळ्यांचे फोटो पोचवले होते. साहेबांच्या हातात पाच पायांच्या गाईचा रंगीत कागद होता. ते चराच्या काठावर उभे राहिले, कागदाकडे पाहिलं, चराकडे पाहिलं आणि मागे उभ्या असलेल्या चंदनसाहेबांना विचारलं, "ये गाय कहाँ है?"

चंदनसाहेबांना या वेळी गाय आपल्या विभागात येत नाही असं म्हणता आलं नाही.

त्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली. पाइप पडला, चर बुजला, वर सिमेंट झालं. वामनराव रोज तिथेच बसून राहिले. ज्या दिवशी नळ सोडून पाहायचं ठरलं त्या दिवशी सगळी गल्ली धुरपदाबाईच्या दारात जमली. कविता होती, तिच्या मुली होत्या, मधुकरराव नवा सदरा घालून आले होते, आणि रितेश काठी आणि मोबाइल घेऊन एका कोपऱ्यात गुपचूप उभा होता.

धुरपदाबाईने डाव्या हाताने तोटी फिरवली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग नळ दोनदा खोकला, आणि पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या हळूहळू विरल्या. पाणी तांबूस-काळपट होतं, आणि त्यात काहीतरी तरंगत होतं.

म्हातारीने तांब्या भरला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "मास्तर," ती म्हणाली, "हा तं चहाच आला. साखर टाकू का?"

वामनरावांच्या कानशिलावरची शीर ताठ झाली. त्यांनी छातीत श्वास भरला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी सगळ्या गल्लीचे मोबाइल एकदम वर गेले. मधुकररावांचा, कविताच्या मुलींचा, ठेकेदाराच्या मिस्त्रीचासुद्धा. रितेशची काठी तर सगळ्यांच्या वर. तोंडं हसायला तयार झालेली.

वामनरावांनी सगळ्या मोबाइलांकडे एकदा पाहिलं. भरलेला श्वास हळूहळू सोडला. आणि तोंड मिटलं.

"मोबाइल खिशात घाला," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. "आणि घरातून तांबे आणा. हेच पाणी भरून."

क्षणभर कुणाला कळलं नाही. आधी कविता आत गेली. मग तिच्या मुली. मग एकेका दारातून तांबे, गडवे, पेले, एका घरातून तर चहाची किटली आली. रितेशने काठीवरून मोबाइल काढला आणि कुणाच्यातरी हातातली भरलेली बादली घेतली. धुरपदाबाईने आपला तांब्या डाव्या हातात धरला आणि म्हणाली, "मले हळू चालवा बरं," आणि वंदनाताईंनी तिला धरलं. सगळी गल्ली निघाली. शनवाऱ्यातून जाताना दुकानदार बाहेर आले, "काका, एक बार हो जाए!" असं म्हणायला तोंड उघडलं आणि हातातली भांडी बघून गप्प झाले.

कार्यालयात चंदनसाहेब खुर्चीवर मागे रेलून बसले होते. वामनरावांना पाहताच ते ताठ झाले आणि सवयीने त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"आइए सर! आज लाइव्ह है क्या?"

वामनरावांनी एक पाऊल पुढे टाकलं. टेबलावरच्या फाइली एका बाजूला सरकवल्या, पेला ठेवला आणि त्यात तांब्यातलं पाणी काठोकाठ ओतलं. मग समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मागे कविता, तिच्या मागे मुली, मधुकरराव, रितेशची बादली, दारातून बाहेर, जिन्यावरून खाली, थेट फाटकापर्यंत भांडी घेऊन उभी असलेली माणसं. कुणाच्याही हातात मोबाइल नव्हता. कुणी हसतही नव्हतं.

"बसा, चंदनसाहेब," वामनराव म्हणाले. "ऊन फार आहे. पाणी घ्या."